न घासलेली चार नाणी

दुबईत माझे पाय टिकले ते एका म्हाताऱ्या माणसामुळं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यात माझी बाजू पडती आहे, आणि सांगता सांगता माणूस आपली बाजू सावरत जातो. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. अल कुसैसच्या आमच्या खोलीतले सहाजण म्हणायचे, वर्कशॉपमधले म्हणायचे, आणि मालक, म्हणजे इथला अरब, तोही चाचाच म्हणायचा. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. चाळीस वर्षं इथं काढलेली. खरं नाव पासपोर्टवर होतं, आणि तो पासपोर्ट मी एकदाच बघितला, ते जाताना.

वर्कशॉपमध्ये आम्ही जिन्यांची रेलिंग बनवायचो, दारांच्या पितळी मुठी बनवायचो, आणि सगळं चकचकीत करून द्यायचो. चाचा तिथं स्टोअरकीपर. मला एजंटनं व्हिजिट व्हिसावर आणलं होतं, आणि ज्या कंपनीत काम आहे म्हणाला होता तिच्या शटरवर मी पोचलो तेव्हा बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. ओळखीच्या ओळखीनं अल कुसैसला खाट मिळाली, चाचांच्या वरची. दुसऱ्यांचं बसून खाणं घशाखाली उतरेना, म्हणून मी खोलीतली भांडी घासायचो. डाळीचा एक टोप होता, बाहेरून नुसता कोळसा. दोन दिवस तोच घासत बसलो. तिसऱ्या दिवशी चाचांनी तो उचलला, त्यात स्वतःची दाढी बघितली आणि म्हणाले, "मेल्या, टोप हाय का आरसा? आता यात डाळ शिजवायची म्हणजे आधी अंघोळ करून यायला लागंल."

दुसऱ्या दिवशी टोपासकट मला मालकापुढं उभं केलं. "अरबाब, लडके को मत देखो, बर्तन देखो." मालकानं टोप फिरवून बघितला, हसला, आणि मला बफिंगच्या, म्हणजे धातूला चकाकी आणायच्या, मशीनवर घेतलं. आठवी शिकलेला मी. कागदावर दाखवायला काही नव्हतं, दाखवला तो टोप.

आता गंमत अशी, की ज्या माणसानं मला चकाकीवर काम मिळवून दिलं, त्याला स्वतःला चकाकीचं वावडं होतं. त्यांचा चहाचा मग आतून काळा होता. तो ते फक्त पाण्यानं खळबळायचे. साबण नाही, घासणी नाही. आमच्या खोलीत साताऱ्याचा एक ड्रायव्हर होता, तो रोज सकाळी टोचायचा, "चाचा, तुमच्या मगात चहा कमी आन् इतिहास जास्त."

"तुझ्या मगात दोन्ही नाय," चाचा म्हणायचे आणि फुर्रकन ओढायचे.

नवीन आलो तेव्हा मी एकदा सेवा म्हणून तो मग घासायला घेतला होता. त्यांनी माझ्या हातातून तो असा काढून घेतला, जसं कुणी झोपलेलं पोर काढून घेतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "मळ वेगळा, रंग वेगळा. मळ वरून बसतो, रंग आतून येतो. ज्याला हा फरक कळला त्याच्या हातात घासणी द्यावी." मी हो म्हणालो. मनात म्हणालो, म्हाताऱ्याला आळस आहे.

त्यांच्या अशा बऱ्याच गोष्टी मी आळसात किंवा विक्षिप्तपणात जमा करून ठेवल्या होत्या. दिरहमचे रुपये करताना ते स्वतः इथं आले तेव्हाचा भाव धरायचे. आम्ही सगळे कुठल्याही वस्तूला मोठ्यानं आजचा भाव लावायचो आणि हाय खायचो. चाचा त्यांच्या भावानं हिशोब करायचे, आणि त्यांना सगळं स्वस्त वाटायचं. ड्रायव्हर म्हणायचा, "चाचा, तुमची बँक कुठंय सांगा, आमी बी खातं काढतो."

आणि मी फोनवर माझं व्हिसाचं स्टेटस बघायचो. दिवसातून किती वेळा, ते सांगत नाही. चाचा खालच्या खाटेवरून म्हणायचे, "दूध उतू जाईल म्हणून बसावं तसा बसतोस. बघून बघून व्हिसा वाढत नाय पोरा."

पण चाचांची खरी ओळख म्हणजे मशीन. जमिनीतला धातू शोधायचं यंत्र. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. वर्कशॉपमधले त्याला झाडू म्हणायचे. मालकाचा शारजाच्या पुढं, आत वाळूत, मजरा होता, म्हणजे शेत आणि गोठा एकत्र. तिथं उंट होते, बकऱ्या होत्या. जनावरं वाळूत तोंड घालतात आणि खिळा, तारेचा तुकडा, काहीही गिळतात. मालकाची एक उंटीण तशी गेली, तेव्हा त्यानं हे मशीन आणलं आणि चाचांना दिलं. महिन्यातून दोन शुक्रवार चाचा मजऱ्यावर जायचे आणि कुंपणाच्या आतली वाळू चालत चालत ऐकायचे. मी आल्यावर मला पिशवी धरायला न्यायला लागले.

खिळे, तारा, थंड पेयाच्या डब्यांच्या कड्या, एकदा बंद पडलेलं घड्याळ. दुसरा कुणी असता तर कचऱ्यात टाकून मोकळा झाला असता. चाचा प्रत्येक वस्तू दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि डब्यावर चिठ्ठी. मराठीत, मोठ्या सुटसुटीत अक्षरात. "दक्षिणेचं कुंपण, तिसऱ्या खांबाजवळ. खिळे नऊ. गंजलेले. जसे होते तसे." स्टोअरच्या मागच्या फळीवर असे पन्नासेक डबे होते. शेवटचे तीन शब्द प्रत्येक चिठ्ठीवर असायचे. जसे होते तसे.

मी एकदा विचारलं, "चाचा, खिळ्यांचं काय एवढं लिहायचं?"

"उद्या जनावर आजारी पडलं तर कुठल्या बाजूला काय निघतं ते कळायला नको? माणसं आधी विचारतात काय सापडलं. आधी कुठं, मग काय. आणि चिठ्ठीवर खोटं लिहिलं की डबा फेकून द्यायचा. तो खोटा डबा."

हे पण मी त्याच खात्यात टाकलं. म्हातारा माणूस, बायका-पोरं लांब, डब्यांवर चिठ्ठ्या लिहितो.

मजऱ्याच्या कडेला एक जुनं घाफचं झाड होतं. आपल्याकडची शमी तीच, आमच्या गावाबाहेर होती तशीच, फक्त वाळूत उभी. शेजारी बुजलेली विहीर. त्या बाजूला जनावरं नव्हती, म्हणून चाचा कधी जायचे नाहीत. एका शुक्रवारी बकऱ्यांचं कुंपण तिकडं वाढवायचं ठरलं, म्हणून गेले. बुंध्यापासून पाच पावलांवर ते थांबले. हेडफोन काढला, माझ्या कानाला लावला. आवाज खिळ्याचा नव्हता, एवढं मलाही कळलं. जाड, एकसारखा.

हातानं उकरलं. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा कुजलेल्या कापडाची चिंधी लागली, आणि तिच्यात एकमेकांना चिकटलेली अकरा नाणी. मी धरायला गेलो तर चाचांनी माझा हात बाजूला केला. पिण्याच्या पाण्याची बाटली हळूहळू त्यांच्यावर ओतली. सैल वाळू गळून गेली. नाणी सुटली. प्रत्येक नाणं कडेनं धरून रुमालावर मांडलं. पुसलं नाही. नुसतं टिपलं. तपकिरी, कुठं कुठं हिरवट, खजुराच्या बीसारखा रंग. एकावर राजाचं डोकं ओळखू आलं. आपल्याकडचा इंग्रजांच्या वेळचा पाव आणा.

"चाचा, हा इथं कसा?"

"इथं आधी आपलाच रुपया चालायचा. यांचे बाप मुंबईला जहाज घेऊन जायचे." ते नाण्याकडं वाकून बघत राहिले. "हा आपल्या आधी आला बघ. बिनव्हिसाचा."

त्यांनी मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "शजर के नीचे? सच?" शजर म्हणजे झाड. फोन ठेवल्यावर चाचांनी मला सगळं सांगितलं. मालकाचे वडील नव्वदीला आलेले. त्यांचं म्हणणं असायचं, की लहानपणी उन्हाळ्यात सगळे समुद्राकडं जायचे तेव्हा आईनं त्या झाडाखाली पैसे पुरले होते, आणि ती परत आलीच नाही. हे ते वर्षानुवर्षं सांगायचे. आता त्यांना खूप काही आठवत नव्हतं, त्यामुळं हेही कुणी खरं मानत नव्हतं. नातवंडं हसायची. म्हातारा त्यावरून जेवण टाकायचा. मालक म्हणाला, शुक्रवारी दवाखान्यातून येताना त्यांना वर्कशॉपवर आणतो, त्यांच्या हातात दे, तोवर कुणाला दाखवू नको.

आता तो पुढचा शुक्रवार.

चाचा नमाजाला गेले. मशीद लांब नव्हती, पण खुतब्याचं प्रवचन, नमाज आणि ओळखीपाळखी मिळून तास-दीड तास जायचा. नाण्यांचा डबा त्यांनी माझ्या बाकावर ठेवला. "मालक आधी आला तर बसव त्याला. मी आलोच." एवढंच म्हणाले. हात लावू नको असं म्हणाले नाहीत. मला वाटतं, मी आलो तेव्हापासून ते दुसरं काहीच म्हणत नव्हते, म्हणून वेगळं सांगायची त्यांना गरज वाटली नसेल.

मी डबा उघडला. मनात कुठलंही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो, पण त्यानं काही फरक पडत नाही. मी बघितलं, आणि मला लाज वाटली. नव्वद वर्षांच्या माणसाच्या हातात त्याच्या आईची ठेव द्यायची, आणि ती अशी? आमच्याकडं दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं तांबं-पितळ बाहेर निघतं. चिंच, मीठ लावून घासतात. घरात लग्न निघालं की देव्हाऱ्यातले देव सोनाराकडं उजळायला नेतात. काळवंडलेला देव पुढं ठेवून कुणी अक्षता टाकत नाही. माझी आई म्हणायची, मोठ्या माणसाला द्यायची वस्तू आपल्या हातानं उजळून द्यावी, म्हणजे देणाऱ्याचा हात दिसतो. आणि मालकाला माझाही हात दिसावा, हेही मनात होतं. माझं मेडिकल झालं होतं, आयडी, म्हणजे इथं राहायचं कार्ड, यायचा होता. कागदांवर मालकाची सही व्हायची होती. म्हटलं, बघेल आणि लक्षात ठेवील.

मेसमधून चिंच आणली. मीठ, कोमट पाणी. पहिलं नाणं चोळलं तसं तांबूस पाणी निघायला लागलं, आणि खालून लाल तांबं वर आलं. मला खरंच आनंद झाला. जुन्या ब्रशनं कडा घासल्या. मग बफिंगच्या चाकाला पॉलिशची वडी लावली आणि एकेक नाणं धरलं. बोटं भाजत होती. सात झाली. नव्या बांगड्यांसारखी लखलखत होती. आठवं उचललं आणि दारात चाचा.

त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. बाकावर रांगेनं मांडलेली सात नाणी त्यांनी बघितली. एक उचललं, उजेडाकडं धरलं.

"राजाचं नाक कुठं गेलं?"

मला वाटलं मस्करी करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत.

"किती राहिली?"

"चार, चाचा. पाच मिनिटात करतो."

त्यांनी ती चार घेतली, कोरड्या रुमालात ठेवली, रुमाल शर्टाच्या खिशात. मग स्टुलावर बसले. "मळ नव्हता रे तो," म्हणाले. "कातडी होती त्याची. सत्तर-ऐंशी वर्षं मातीत बसून बसून आलेली. बाजारात घेऊन जा, धुतलेल्याला कोण विचारत नाय. पण बाजाराचं सोड. म्हातारा ओळखणार कशावरून?"

"परत काळी करता येतील? तेल लावून, धुरावर धरून..."

"मेल्या, एक चूक केलीस ती प्रेमानं केलीस. दुसरी कशाला करतोस?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मालकाचे वडील गाडीतून उतरले नाहीत. पुढच्या सीटवर बसलेले, पांढरा झगा, हातात काठी, काच खाली केलेली. मालक स्वतः आत आला आणि बाकावरची नाणी बघून थबकला. "चाचा, ये वही है?" चाचा काही बोलायच्या आत त्यानं ती सातही ओंजळीत घेतली आणि गाडीकडं गेला. आम्ही मागं.

म्हाताऱ्यानं एक नाणं बोटात धरलं. अंगठा फिरवला. नाकाजवळ नेलं. मग मुलाकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. राग नव्हता. फसवलं गेल्याचं होतं ते.

"ये नया है," चाचांकडं वळून मुंबईच्या जुन्या हिंदीत म्हणाला. "बजार से लाया. मेरे को बच्चा समझता है."

"नहीं याबा, शजर के नीचे..." मालक बापाला समजवायला गेला.

"नया है!" आणि सातही नाणी त्यानं खिडकीतून फेकली. आवारातल्या वाळूत इकडंतिकडं गेली. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. मालक तसाच उभा. एवढा मोठा माणूस, मी त्याला कधी असा रिकाम्या हातानं उभा बघितला नव्हता.

चाचा पुढं झाले. खिशातून रुमाल काढला, उघडला, खिडकीतून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. "बाबा, ये देखो. पाच कदम पे था. कुएं की बाजू." आधी कुठं, मग काय. सवयच ती.

म्हाताऱ्यानं बराच वेळ हात लावला नाही. मग एक उचललं. अंगठा फिरवला, थांबला, परत फिरवला. नाकाजवळ नेलं. त्याचा श्वास आम्हाला ऐकू आला. "उम्मी," म्हणाला. माझी आई. मग अरबीत बोलत राहिला, आणि मालकानं गाडीच्या दारावर डोकं टेकवलं. काय बोलला ते मला कळलं नाही. चाचांना कळलं, पण त्यांनी कधी सांगितलं नाही. "घरातली गोष्ट हाय त्यांच्या," एवढंच.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

मालक डोळे पुसून वळला. वाळूत पडलेलं एक लखलखीत नाणं उचललं. "ये किसने किया?"

आयुष्यात ज्या थोड्या प्रश्नांची उत्तरं मला येत होती त्यातला हा एक. तोंड उघडलं, आणि डोळ्यापुढं तो न आलेला आयडी आला. परतीचं विमान आलं. आईला काय सांगायचं ते आलं. मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो.

"मैंने किया, अरबाब," चाचा म्हणाले.

मालकानं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्या हातांकडं बघितलं. चिंचेनं पिवळी पडलेली बोटं, नखांत पॉलिशचा काळा. मी हात मागं घेतले. तोही मूर्ख नव्हता. चाळीस वर्षं जो स्वतःचा मग घासत नाही, तो नाणी घासेल का? पण सगळ्यांसमोर चाचांचा शब्द खोटा पाडायचा, ते त्यानं केलं नाही. मान हलवली. "चाचा, तुम बूढ़ा हो गया," म्हणाला. हळू आवाजात. "खलास." हातातलं नाणं परत वाळूत टाकलं आणि गाडीत बसला.

दुपारभर चाचा मशीन घेऊन आवारात फिरले. सहा नाणी सापडली. सातवं सापडेना. ही सहा हवीत का म्हणून मालकाला फोनवर विचारलं, त्यानं नको म्हटलं. मग दूधपावडरचा डबा आला, आणि चिठ्ठी. मी बाजूला उभा राहून वाचली. "वर्कशॉपचं आवार, गाडीच्या दाराशी. पाव आणे सहा. साफ केलेले. साफ करणारा, मी स्वतः."

"चाचा," मी म्हणालो, "चिठ्ठीवर खोटं..."

"तुझा आयडी आला का?"

"नाही."

"मग गप बस."

आठ दिवसांनी आयडी आला. माझा फोटो घाबरलेला आला आहे, अजून तोच आहे.

त्यानंतर एका रविवारी मी न सांगता त्यातली दोन नाणी घेऊन शारजाला गेलो. जुनी नाणी, नोटा विकणारं एक दुकान होतं. वाटलं, चाचा बरोबर की मी बरोबर, एकदा बघावं. दुकानदारानं नाण्यांना हातही लावला नाही. काचेवरूनच म्हणाला, "धोया है." त्यानं कपाटातून तसाच एक पाव आणा काढला, गडद तपकिरी, राजाच्या दाढीचा केस न् केस दिसत होता. "ये चालीस. तुम्हारा वो डिब्बे में डालो, एक दिरहम का एक. बच्चे लोग ले जाते हैं." मी विचारलं, पण मातीतून काढलेलं असलं तर? तो म्हणाला, "मिट्टी पानी से जितनी जाती है, जाने दो. बाकी उसका है, तुम्हारा नहीं." अगदी चाचांसारखंच बोलला. मी नाणी खिशात घालून परत आलो. ट्रॅफिकमध्ये दोन तास बस उभी होती, आणि मला बरं वाटलं की उभी आहे.

चाचांच्या व्हिसाची मुदत त्या हिवाळ्यात संपत होती. साठी ओलांडलेल्यांचा व्हिसा मालकाच्या मर्जीवर वाढतो, दरवर्षी वाढायचा. त्या वर्षी वाढला नाही. मालकानं त्यांना भरपूर सामान दिलं, घरच्यांना अत्तर दिलं, स्वतः एअरपोर्टला सोडायला आला. वाईट वागला असं कुणी म्हणणार नाही. नाण्यांचा आणि याचा संबंध होता का, मला माहीत नाही. तुम बूढ़ा हो गया, हे वाक्य त्यानं आधी ठरवलेलं होतं का त्या दिवशी सुचलं, हेही माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायची तयारी केली होती, तीन वेळा. प्रत्येक वेळी मालकाच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेलो आणि पॉलिशच्या वड्या संपल्यात असं सांगून परत आलो. स्टोअरमध्ये अजून त्यातल्या शिल्लक आहेत.

जायच्या दिवशी चाचांनी मग कागदात गुंडाळून बॅगेत ठेवला. मशीन मला दिलं. "ऐकायला शीक," म्हणाले. ड्रायव्हर रडला. माझ्याकडून रडणं झालं नाही. मी त्यांच्या पासपोर्टवरचं नाव वाचत होतो. ज्याला इथं सगळ्यांनी नुसतं चाचा म्हटलं, त्याचं नाव लांबलचक आणि छान होतं.

मजऱ्यावर आता मी जातो. त्या झाडाजवळ मालकानं छोटं कुंपण केलंय, तिथं बकऱ्या सोडत नाहीत. मालकाचा म्हातारा गेल्या वर्षी गेला. चार नाणी त्याच्या खोलीत होती, असं ऐकलं. कुणी पुसली नाहीत.

आणि सातवं नाणं मला सापडलं. चाचा गेल्यावर सहा महिन्यांनी, आवारात, लोखंडाच्या रॅकच्या पायाखाली. मी पाणी ओतलं, टिपलं, कडेनं धरलं. त्यावर हलका तपकिरी थर आला होता. फार नाही. चहाचा एक घोट सांडल्यासारखा. मी फोन केला.

"चाचा, सातवं मिळालं."

"कुठं?"

"रॅकच्या मागच्या पायाशी, भिंतीच्या बाजूला."

"रंग?"

"येतोय."

"हात लावू नको." मग म्हणाले, "घासलेल्याला पण येतो रे परत. फक्त वेळ लागतो. आम्ही असू नसू."

त्यांचं वय आता किती ते मी मोजत नाही. डबा माझ्या खाटेखाली आहे, सात नाणी आत, वर त्यांच्या अक्षरातली ती चिठ्ठी. सगळ्या डब्यांत तेवढा एक खोटा डबा, आणि तो त्यांनी माझ्यासाठी ठेवला. मी चिठ्ठी बदललेली नाही. इथं खाटेवर बसून गुपचूप बदलणं म्हणजे आणखी एक बफिंग. आधी मालकाच्या ऑफिसात जाऊन, पॉलिशच्या वड्यांचं नाव न काढता, सांगायचं आहे. त्याची जी काय मर्जी असेल ती होईल. मग रजा घ्यायची, डबा घ्यायचा, खाडीकाठी त्यांच्या दारात बसायचं, त्या काळ्या मगातला चहा मागायचा, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच पेनानं "मी स्वतः" खोडून माझं नाव लिहायचं. चाचा, हे मी करीन. तुम्ही फक्त तोवर पेन जपून ठेवा.